‘मूळची कॅथलिक’ हे शब्द खोडा : मराठी संपादकांना आणि अनुवादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मासिकं, दिवाळी अंक आणि प्रकाशनसंस्था यांतले संपादक व अनुवादक यांस

सप्रेम नमस्कार.

परभाषेतलं ललित गद्य, कविता आणि आत्मपर लेखन आपण मराठीत आणता. या कामात एक लेखिका आपल्या हाती येऊ शकते, कदाचित आलीही असेल : पोर्तो रिकोच्या, मेक्सिकोच्या नाहीतर कोलंबियाच्या घरातली, स्पॅनिश ऐकत वाढलेली, मोठेपणी यहुदी झालेली, आणि आता न्यूयॉर्क, मायामी किंवा बुएनोस आयरेसमध्ये राहून लिहिणारी. तिचं लेखन मराठीत येताना त्यात चर्चची भाषा सहज शिरते. मग ती जे म्हणते आहे त्याच्या बरोबर उलटं वाचकापर्यंत पोचतं. धर्म बदलण्याविषयीचे मराठीतले तयार शब्द वेगळ्याच अनुभवांतून घडले आहेत, त्यामुळे हे घडतं. चुकीच्या जागा कुठल्या आणि तिथे काय करावं, हे शक्य तितकं नेमकेपणाने सांगण्यासाठी हे पत्र.

सुरुवात लेखकपरिचयाच्या चौकटीपासून करू, कारण सगळ्यात दुखावणारी चूक तिथेच होते. ‘मूळची कॅथलिक असलेली ही धर्मांतरित लेखिका...’ असं वाक्य त्या चौकटीत असेल तर ते खोडा. यहुदी कायद्यात याला स्पष्ट मनाई आहे. मिश्ना म्हणजे यहुदी कायद्याची जुनी संहिता. तिच्यात ‘बावा मेत्सिया’ या भागाच्या चौथ्या अध्यायात शब्दांनी होणाऱ्या अन्यायाची उदाहरणं दिली आहेत. विकत घ्यायचं मनात नसताना दुकानदाराला भाव विचारू नये, हे त्यातलं पहिलं. त्याच ओळीत पुढे येतं, की यहुदी झालेल्यांच्या मुलाला ‘तुझ्या वाडवडिलांचे उद्योग आठव’ असं म्हणू नये. याच विषयावर तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, सांगतो की बाहेरून आलेल्याला दुखावू नका, ही ताकीद तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, ३६ वेळा आली आहे. काहींच्या मते ४६ वेळा. तेव्हा ती स्वतः आपल्या भूतकाळाबद्दल लिहिते तो तिचा हक्क, आणि लेखात असेल ते जसंच्या तसं मराठीत यायला हवं. पण आपल्या चौकटीत, तिला न विचारता, ते आपण लिहू नये. ‘यहुदी लेखिका’ पुरे. तिचं गाव, तिच्या लेखनाची भाषा, तिची पुस्तकं लिहा.

आता ‘धर्मांतर’ हा शब्द. मराठी वाचकाच्या मनात तो उच्चारला की १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर उभं राहतं : लाखोंचा समुदाय, धम्मदीक्षा, बावीस प्रतिज्ञा, आणि जुन्या अन्यायाला पाठ फिरवण्याचा सामूहिक निर्धार. किंवा मग एकोणिसावं शतक आठवतं, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेणाऱ्या पंडिता रमाबाई आणि १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक. या दोन्ही वाटांवर येणाऱ्याचं स्वागत करायला कुणीतरी हात पुढे केलेला होता. यहुदी परंपरेत मिशन नाही, बोलावणं नाही. उलट आलेल्याला आधी परत पाठवण्याचा प्रघात आहे. कुणी यहुदी व्हायचं म्हणून आलं, तर त्याला काय विचारायचं हे तालमूदमध्ये ‘येवामोत’च्या ४७ व्या पानावर लिहून ठेवलं आहे. आशय असा : तू काय पाहिलंस म्हणून आलास? आजच्या काळात इस्राएल लोक त्रासलेले आहेत, दडपलेले आहेत, हे तुला ठाऊक नाही का? त्यावर तो ‘ठाऊक आहे, आणि माझी तेवढी पात्रता नाही’ असं म्हणाला, तर त्याला लगेच घ्यायचं. मग काही सोप्या आणि काही अवघड आज्ञा सांगायच्या.

म्हणून ‘दीक्षा घेतली’, ‘यहुदी धर्म स्वीकारला’, ‘प्रभूच्या चरणी आली’ असे प्रयोग इथे बसत नाहीत. साधं ‘यहुदी झाली’ हे मराठी आम्हाला सर्वांत अचूक वाटतं, कारण इथे मत बदलण्याइतकंच एका लोकसमूहात सामील होणंही आहे. शावुओतच्या सणाला वाचली जाणारी रूथची गोष्ट हेच सांगते. रूथ सासूला आधी म्हणते तुझे लोक ते माझे लोक, आणि देवाचं नाव त्यानंतर घेते. हा क्रम अनुवादात उलटू देऊ नका. प्रक्रियेचं नाव द्यायचंच असेल तर ‘गियुर’ हा हिब्रू शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येतो तिथे एका वाक्यात उलगडा. अशा पुरुषाला ‘गेर’ म्हणतात, स्त्रीला ‘गियोरेत’. बायबलच्या हिब्रूत ‘गेर’ म्हणजे परक्या मुलखात राहणारा उपराही. लेखिका जेव्हा या दोन अर्थांशी खेळते, तेव्हा मराठीत ‘उपरी’ हा शब्द फार जवळ येतो. पण एरवी तिला ‘उपरी’ म्हणू नका. मराठीत उपरा म्हणजे कुठलाच नसलेला, आणि ती तर आता इथली आहे असंच सांगते आहे.

प्रक्रिया टप्प्यांनी समजून घेतली की निम्म्या चुका टळतात. आधी अभ्यास : साधारण वर्षभर किंवा अधिक, म्हणजे सगळे सण एकदा तरी अंगावरून जावेत. हिब्रू वाचन, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम, प्रार्थना. मग ‘बेत दीन’, म्हणजे तीन जणांचं न्यायमंडळ. ‘न्यायालय’ असं लिहिलंत तर वाचकाला वकील आणि तारखा दिसतात. ‘तिघांचं मंडळ’ पुरेसं आहे. पुरुषाची सुंता होते. आधीच झालेली असेल तर रक्ताचा एक थेंब काढतात. शेवटचा आणि निर्णायक टप्पा, स्त्री-पुरुष दोघांसाठीही, मिकवेचा. हा शब्द अनुवादात सर्वाधिक बिघडतो. कुणी ‘बाप्तिस्मा’ करेल, कुणी ‘पवित्र स्नान’, कुणी ‘पोहण्याचा तलाव’.

मिकवे म्हणजे पाण्याचं कुंड, ज्यात कमीत कमी ४० सेआ पाणी असलं पाहिजे. हे माप वेगवेगळ्या गणितांनी सुमारे ३३० ते ५७० लिटर भरतं. प्रत्यक्षात कुंडं याहून मोठी बांधतात. पाणी पावसाचं किंवा झऱ्याचं हवं, भांड्याने भरलेलं नको. कोकणातल्या वाचकाला हे एका वाक्यात समजावता येईल : विहिरीत झऱ्याचं पाणी आहे तिथे उतरलं तर चालेल, पण तेच पोहऱ्याने ओढून टाकीत ओतलं तर नाही. शहरात मग युक्ती अशी करतात, की शेजारी पावसाच्या पाण्याचा एक हौद ठेवायचा आणि दोन बोटं आत सहज फिरतील एवढ्या भोकाने तो नळाच्या पाण्याच्या कुंडाला जोडायचा. दोन्ही पाणी एकमेकांना टेकलं की कुंड वैध. समुद्रही चालतो. त्यामुळे एखाद्या कॅरिबियन लेखिकेच्या कवितेत ती समुद्रात बुडी मारून यहुदी होत असेल, तर ते रूपक समजून सजवू नका. ते शब्दशः असू शकतं.

उतरण्याआधी ती स्वच्छ अंघोळ करते, म्हणजे कुंडातली बुडी स्वच्छतेसाठी नसते. अंग आणि पाणी यांच्यामध्ये काहीही राहता कामा नये : अंगठी, कानातलं, नखांचं रंगकाम, डोळ्यांतली लेन्स, जखमेवरची पट्टी, केसांतला गुंता. जाड कुरळे केस असतील तर गुंता सोडवण्यातच बराच वेळ जातो, आणि लॅटिना, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, लेखिकांच्या लेखनात हा केसांचा प्रसंग आला तर तो कापू नका. शरीर आणि कायदा यांची गाठ तिथेच पडते. पाणी छातीपर्यंत. पूर्ण बुडायचं, मुठी सैल, भिंतीला टेकायचं नाही. एक बट जरी वर तरंगली तरी ती बुडी मोजत नाहीत. बाहेर उभी असलेली बाई बघते आणि ‘कोशेर’, म्हणजे नियमाप्रमाणे झालं, असं म्हणते. बहुधा तीन बुड्या. पहिल्या बुडीनंतर आशीर्वचन म्हणायचं. एरवी यहुदी माणूस कृतीच्या आधी आशीर्वचन म्हणतो, इथे ते नंतर येतं, कारण बुडीआधी ‘आम्हाला आज्ञा दिलीस’ असं म्हणण्याचा अधिकार तिला अजून मिळालेला नसतो. हा क्रम अनुवादात ‘दुरुस्त’ केला तर मूळ ओळीचा प्राणच जातो. ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरेला काटेकोर धरून चालणाऱ्या, पंथाच्या पद्धतीत मंडळातले तीन पुरुष दाराबाहेर राहून ऐकतात, किंवा ती सैल झग्यात गळ्यापर्यंत पाण्यात असताना आत येऊन आज्ञा सांगतात आणि बुडीच्या वेळी पाठ फिरवतात. हा प्रसंग काही स्त्रिया कृतज्ञतेने लिहितात, काही संतापाने. दोन्ही स्वर जसेच्या तसे येऊ द्या.

शेवटी नाव आणि कागद. हिब्रू नाव ती स्वतः निवडते आणि त्यापुढे ‘बात अव्राहम व सारा’, अब्राहाम आणि सारा यांची लेक, असं लागतं. तिघांच्या सहीचा दाखला मिळतो. लग्न, मुलांची शाळा, इस्रायलला जाणं, दफन, या प्रत्येक ठिकाणी तो मागितला जातो. म्हणून तिच्या लेखनात ‘कागद’, ‘दाखला’, ‘फाईल’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. पुनरुक्ती टाळायची म्हणून त्यांना वेगवेगळे पर्याय शोधू नका. आणि ‘दुसऱ्यांदा मिकवेला गेले’ असं वाक्य दिसलं तर ती मुद्रणाची चूक नाही. उदारमतवादी रिफॉर्म किंवा मधल्या वाटेच्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या मंडळाने केलेला गियुर ऑर्थोडॉक्स मंडळ मानत नाही, त्यामुळे एकाच स्त्रीला दोन-तीनदा ही वाट चालावी लागते. त्यानंतरही ऑर्थोडॉक्स नियमांप्रमाणे ती कोहेन, म्हणजे पुरोहितांच्या, घराण्यातल्या पुरुषाशी लग्न करू शकत नाही.

मराठीची एक खास अडचण आहे, क्रियापदाचं लिंग. इंग्रजी लेखात ‘रब्बी’, म्हणजे यहुदी धर्मगुरू, नुसता येतो आणि आपण सवयीने ‘रब्बी म्हणाले’ करतो. अमेरिकेत रिफॉर्म पंथात १९७२ पासून आणि कन्झर्व्हेटिव्ह पंथात १९८५ पासून स्त्रिया रब्बी आहेत. स्पॅनिशमध्ये ‘रबीनो’ आणि ‘रबीना’ असा फरक दिसतो, इंग्रजीत दिसत नाही. विचारून घ्या. तिच्या मंडळात तिन्ही स्त्रिया असतील आणि मराठीत तिन्ही पुरुष झाले, तर पूर्ण प्रसंग खोटा होतो.

स्पॅनिशमधून थेट अनुवाद करणाऱ्यांसाठी थोडं अधिक. ‘कोन्वेर्सा’ या शब्दावर पाच शतकांचं ओझं आहे. ३१ मार्च १४९२ च्या फर्मानाने स्पेनने यहुदींना हाकललं. त्याआधी १३९१ च्या कत्तलींपासून ज्यांना ख्रिस्ती व्हावं लागलं ते ‘कोन्वेर्सो’. म्हणजे या भाषेत हा शब्द यहुदीपणातून बाहेर गेलेल्यांसाठी रुळला, आणि आजची लेखिका तोच शब्द आत येण्यासाठी वापरते. ती हे जाणून करते. शक्य तिथे मूळ शब्द ठेवून इतिहास एका वाक्यात द्या. ‘मारानो’ ही शिवी आहे, तिचा अर्थ डुक्कर. जुन्या पुस्तकांत गुप्त यहुदींसाठी ती सर्रास आढळते म्हणून ती निरुपद्रवी समजू नका. बळजबरीने धर्म बदलायला लावलेल्यांसाठी हिब्रूत ‘अनुसीम’ हा सन्मानाचा शब्द आहे. ‘हुदीआ’ म्हणजे यहुदी स्त्री, आणि स्पेनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ श्रावणघेवडाही. भाजीवाल्याच्या दुकानातला एखादा श्लेष यातून निघतो. तो मराठीत पेलणार नसेल तर सोडा, पण चुकून यहुदी बायका शिजायला टाकू नका.

‘दिओस’ म्हणजे देव. पण स्पेनमधून हाकलले गेलेले यहुदी जी लादिनो बोलत राहिले, तिच्यात ‘एल दिओ’ म्हणतात. शेवटचा ‘स’ अनेकवचनासारखा वाटतो आणि देव तर एकच. स्पॅनिश बोलणारी लेखिका जेव्हा ‘दिओ’ लिहू लागते, तेव्हा एका अक्षराने ती आपली जागा सांगते. मराठीत ‘देव’ हा शब्द एकवचनी आणि अनेकवचनी सारखाच, फरक क्रियापदात. म्हणून इथे ‘देव म्हणाले’ असं आदरार्थी बहुवचन वापरू नका. ‘देव म्हणाला’ हेच बरोबर. काही जणी आदरापोटी शब्दाचं एक अक्षर गाळून मध्ये आडवी रेघ देतात. मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो ती भरून टाकेल. ‘यहोवा’ हा उच्चार तिच्या तोंडी कधीही घालू नका. प्रार्थनेत ‘अदोनाय’, बोलण्यात ‘हाशेम’. तसंच ‘जुना करार’ नको, ‘तनाख’ लिहा. जुना म्हटलं की नवा गृहीत धरला जातो, आणि तो तिने मागे ठेवला आहे.

‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद इंग्रजी-स्पॅनिशमध्ये नाही, मराठीत आहे, आणि इथे तो सोन्यासारखा उपयोगी आहे. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका गेरने मायमोनिदेस या थोर यहुदी कायदेपंडिताला विचारलं, की माझे पूर्वज तर अब्राहामाच्या वंशातले नाहीत, मग प्रार्थनेत ‘आमच्या पूर्वजांचा देव’ असं मी कसं म्हणू? मायमोनिदेसचं उत्तर आलं की सगळं तसंच म्हण, एक शब्दही बदलू नको, तुझ्यात आणि आमच्यात काहीच फरक नाही. तेव्हा लेखिका देवाशी बोलत असेल तर ‘आमच्या पूर्वजांचा’. आणि दुसऱ्या यहुदींशी बोलताना ती मिसरातून सुटल्याची आठवण काढत असेल, तर ‘आपल्या पूर्वजांना’. तिथे ‘आमच्या’ लिहिलं तर ऐकणारे वगळले जातात, आणि ‘त्यांच्या’ लिहिलं तर ती स्वतःच.

नावांचंही नीट बघा. स्पॅनिश नावात आधी वडिलांचं आडनाव, मग आईचं. सूचीत लावताना पहिलं आडनाव धरायचं. शेवटचं धरून किंवा मधलं गाळून तिला भलत्याच घरात पाठवू नका. आणि ‘कोन्सेप्सिओन’, ‘क्रूस’, ‘ग्वादालुपे’, ‘मारिया दे लोस आंखेलेस’ ही उघड ख्रिस्ती नावं असलेली स्त्री पूर्णपणे यहुदी असू शकते. कागदोपत्री नाव बदलायची सक्ती नाही; हिब्रू नाव सिनेगॉगमध्ये, लग्नाच्या करारावर आणि कबरीच्या दगडावर लागतं. तिचं हिब्रू नाव लेखात नसेल तर आपण शोधून छापू नये. पोर्तो रिकोच्या स्त्रीला ‘स्थलांतरित’ म्हणू नका. तिथले लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. ब्राझीलची स्त्री लॅटिना असते पण स्पॅनिशभाषक नसते. माद्रिदची स्त्री स्पॅनिशभाषक असते पण लॅटिना नसते.

आता स्वयंपाकघर. अशा लेखनातला सर्वांत समृद्ध भाग इथे सापडतो आणि अनुवादाची कसोटीही इथेच लागते. ‘पास्तेल’ हा शब्द मेक्सिकोत केक, आणि पोर्तो रिकोत कच्ची केळी व अळकुडीसारखे कंद किसून केलेल्या पिठात मांसाचं सारण भरून, केळीच्या पानात बांधून, तासभर उकळलेला पदार्थ. याला ‘पेस्ट्री’ लिहिलं की संपलं. पानगी आणि पातोळ्या खाणाऱ्या वाचकाला केळीच्या पानाचं फार समजावून सांगावं लागत नाही, तेव्हा मूळ नाव ठेवा आणि पान दिसू द्या. या सारणात परंपरेने डुकराचं मांस असतं, मक्याच्या तामालेसच्या पिठात आणि शिजवलेल्या घेवड्यांतही डुकराची चरबी. ती काढली की पिठाचा हलकेपणा जातो. तेल घातलं तर पीठ चिकट होतं, आणि सारण गोमांसाचं असेल तर लोणी चालत नाही, कारण मांस आणि दूध एकत्र येत नाही. म्हणून वनस्पतिजन्य घट्ट चरबी वापरतात, पीठ जास्त वेळ फेटतात, आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाऐवजी धुरी दिलेली टर्की घालतात. जेवणात मांस असेल तर मागून ‘आरोस कोन लेचे’, म्हणजे दुधातला गोड भात, घेता येत नाही. नारळाच्या दुधातला घेता येतो. कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या यहुदी, घरांनीही हाच प्रश्न नारळाच्या दुधानेच सोडवला होता. इथे वाचकाला खराखुरा धागा मिळतो, तळटीप द्यायची असेल तर इथे द्या.

भांड्यांचंही तसंच. ‘कोमाल’ म्हणजे आपला तवा. ज्या तव्यावर चरबी लावून वर्षानुवर्षं भाजलं, तो नुसता घासून कोशेर होत नाही. ज्यात शिजवलं ते भांडं चोवीस तास न वापरता ठेवून उकळत्या पाण्यात बुडवतात, पण जो थेट आगीवर तापला त्याला आगच लागते. लोखंड चांगलं लाल होईपर्यंत तापवायचं. आजीचा बिडाचा तवा त्या आगीत तडकेल का, ही भीती तिच्या लेखनात आली तर ‘तिने भांडी शुद्ध करून घेतली’ एवढ्यावर ती गुंडाळू नका.

वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या सणाच्या, आठ दिवसांत, इस्रायलमध्ये सात, आंबवलेलं धान्य वर्ज्य. पण अश्केनाझी, म्हणजे पूर्व आणि मध्य युरोपातल्या यहुदींच्या चालीत भात, घेवडे आणि मकाही वर्ज्य. सेफार्दी, म्हणजे स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांच्या वंशजांच्या, चालीत ते चालतं. यहुदी झालेली स्त्री ज्या समाजात येते त्याची चाल घेते. न्यूयॉर्कच्या अश्केनाझी सिनेगॉगमध्ये आलेल्या लॅटिनाला त्या आठवड्यात भात-घेवडा आणि मक्याची पोळी, म्हणजे तिचं रोजचं ताट, सोडावं लागतं. आणि तेही तिच्याच भाषेची बहीण बोलणाऱ्या सेफार्दींना चालत असताना. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या कायदेसमितीने अश्केनाझींनाही याची मुभा दिली. लेख त्याआधीचा की नंतरचा, हे तपासा. आणि रिफॉर्म पंथातली लेखिका यातलं काहीच पाळत नसेल तर तिला आपल्या टिपेत कमी यहुदी ठरवू नका.

‘वल्हांडण’ हा शब्द आम्ही वर मुद्दाम वापरला. ‘शब्बाथ’, ‘सुंता’, ‘बेखमीर भाकर’ हेही मराठीत मुरलेले आहेत. मराठी ही यहुदींचीही भाषा आहे, हे अनुवादकाने विसरू नये. मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये मराठी अनुवादासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. पुण्याच्या हग्गादेत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. मात्र एक मर्यादा पाळा. ‘नव्याचा सण’, ‘दारफाळणीचा सण’, ‘बिरड्याचा रोजा’, सिनेगॉगला ‘मशीद’ ही खास बेने इस्रायलींची कोकणी नावं आहेत. ती टेक्ससच्या लेखिकेच्या तोंडी घातली तर एक जिवंत समाज सजावटीचा होतो. तिथे नववर्षाला रोश हशाना, प्रायश्चित्ताच्या दिवसाला योम किप्पूर असंच लिहा.

कुटुंबाबद्दल एक गैरसमज वारंवार होतो. कायद्याचं सूत्र म्हणतं की यहुदी झालेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या मुलासारखा. यावरून ‘तिने आईवडिलांशी नातं तोडलं’ असा मथळा करू नका. त्याच कायद्यात लिहिलं आहे की गेरने आपल्या आईवडिलांचा अपमान करू नये, नाहीतर लोक म्हणतील, मोठ्या पावित्र्यातून हा हलक्या पावित्र्यात आला. कॅथलिक आई वारली तर घरचे नऊ दिवस जपमाळ म्हणतात. लेकीला सात दिवसांचं सुतक आणि कद्दिश, म्हणजे मृतांसाठी म्हणायची प्रार्थना, ठाऊक. अयहुदी आईसाठी कद्दिश म्हणायला अनेक रब्बींनी मुभा दिली आहे. एकाच खोलीत या दोन गणनांचे दिवस मोजणारी लेक हा विषय फार मोठा आहे. त्यात आपल्याकडून आकडे चुकू नयेत.

आणखी एक मोह आवरा. लॅटिना यहुदी म्हटलं की संपादकाला गुप्त यहुदी आजी हवी असते, जी शुक्रवारी तळघरात मेणबत्त्या लावायची. असे वंश खरे आहेत. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह हुडकणारं चर्चचं न्यायपीठ, लिमाला १५७० मध्ये, मेक्सिकोला १५७१ मध्ये आणि कार्ताहेनाला १६१० मध्ये पोचलं. आपल्या गोव्यात त्याच्याही आधी, १५६० मध्ये. १५६३ मध्ये गोव्यात औषधींवरचा ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता याच वंशातला. त्याच्या मृत्यूनंतर बहीण कातारीनाला १५६९ मध्ये गोव्यात जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. मेक्सिकोत लुईस दे कार्वाहालने ‘योसेफ लुम्ब्रोसो’ या नावाने स्वतःचं चरित्र तृतीयपुरुषी लिहिलं. ८ डिसेंबर १५९६ ला त्याला, आईला आणि बहिणींना जाळलं. ते हस्तलिखित १९३२ मध्ये मेक्सिकोच्या अभिलेखागारातून नाहीसं झालं आणि २०१७ मध्ये परत आलं. लिहिणाऱ्या यहुदी स्त्रीला हा पूर्वज जवळचा वाटणं साहजिक आहे. पण बहुतेक जणी अशा कुठल्याही आजीशिवाय येतात, अभ्यास करून, स्वतःच्या निवडीने. वंशाचा पुरावा नसला की तिची निवड अपुरी, असं सुचवणारा मथळा देऊ नका.

हा संशय तिला सगळीकडे भेटतोच. १९२७ मध्ये बुएनोस आयरेसच्या सीरियन यहुदी समाजाच्या रब्बीने अर्जेंटिनात गियुर कायमचा बंद केला. १९३५ मध्ये ब्रुकलिनच्या सीरियन समाजाने तसाच ठराव केला. म्हणून ऑर्थोडॉक्स पद्धतीने यहुदी होण्यासाठी देश सोडून जाणारी अर्जेंटिनी बाई लेखात दिसली तर ते अतिरंजित नाही. दुसरीकडे १९६२ मध्ये त्याच शहरात मासोर्ती पंथाचं, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह पंथाचंच, रब्बी-विद्यालय सुरू झालं आणि स्पॅनिश बोलणारे रब्बी खंडभर पोचले. यहुदींना तिथे येऊन राहण्याचा हक्क देणाऱ्या इस्रायलच्या परतीच्या कायद्यात १९७० पासून यहुदी झालेल्यांचा समावेश आहे, पण कुणाचा गियुर मोजायचा यावर तंटे चालूच राहिले. इस्रायलमध्ये झालेल्या रिफॉर्म आणि मासोर्ती गियुरना त्या कायद्यापुरती मान्यता तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च २०२१ ला दिली. लग्न मात्र अजूनही ऑर्थोडॉक्स रब्बीसंस्थेच्याच हाती. मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. जन्माने यहुदी असलेल्या आपल्या बेने इस्रायलींची वंशावळ लग्नाआधी तपासावी, असा आदेश तिथल्या रब्बीसंस्थेने १९६२ मध्ये काढला होता, आणि आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यातून त्यांचं नाव काढावं लागलं. दाराशी उभं करून ‘तू कशी काय यहुदी?’ असं विचारलं जाणं, हे मराठी बोलणाऱ्या माणसांनीही सोसलं आहे. त्यांच्यापैकी एखाद्या जाणकाराला मानधन देऊन अनुवाद वाचायला द्या.

शेवटची गोष्ट वेळापत्रकाची. न्यूयॉर्कमधला शब्बाथ मुंबईच्या घड्याळाने शनिवारी पहाटे सुरू होतो आणि रविवारी पहाटे किंवा सकाळी संपतो. ती तो पाळत असेल तर आपली शनिवारची ईमेल ती उघडणार नाही. दिवाळी अंक छापायला जातात नेमक्या त्याच दिवसांत तिचा तिश्री हा सणांचा महिना येतो. रोश हशाना बहुतेक वर्षी घटस्थापनेच्या आसपास, कधी महिनाभर आधी गणपतीच्या सुमारास. तिथून पुढच्या साडेतीन आठवड्यांत रोश हशानाचे दोन, योम किप्पूरचा एक, सुक्कोत या मांडवांच्या सणाच्या आरंभीचे दोन आणि शेवटी दोन, असे सात दिवस ती लेखणी हाती धरत नाही, आणि मधले शब्बाथ वेगळेच. शंकांचा कागद आणि मुद्रितं पोळ्याच्या आत तिच्याकडे पोचतील असं बघा.

आपले,
हिब्रू आणि स्पॅनिशमधून मराठीत अनुवाद करणारे व तपासणारे काही जण